उकाड्यावर उतारा

पहाटे अंधार असतानाच निघा. इथलं नाटक उजाडता उजाडता सुरू होतं आणि दिवस मावळायच्या आत संपतं, कारण रात्री दिवे लावून खेळ करायला सरकारची मनाई आहे. सगळं गाव लाकडाचं आणि कागदाचं. एक ठिणगी पडली की गल्ल्याच्या गल्ल्या जातात. गावाचं नाव एदो. पुढे त्याचं तोक्यो होईल. साल १८२५, जुन्या पंचांगातला सातवा महिना संपत आलेला. आपल्याकडे साधारण श्रावण सरत असेल, पण इथे आज पावसाची एक सर नाही, नुसती घुसमट. अंगावरचा सुती युकाता पुलापर्यंत पोचायच्या आतच पाठीला चिकटलाय.

हा ऱ्योगोकूचा पूल, खाली सुमिदा नदी. मागे पूर्व काठावर जे देवळाचं छप्पर दिसतंय ते एको-इन. तिथे आपल्याला पुन्हा पुन्हा यायचंय, पण आत्ता नको. पश्चिमेला चालत राहा. अर्ध्या तासाच्या आत साकाई-चो लागतं. नाकामुरा-झा नाट्यगृहाच्या छपरावर मचाण आहे, त्यावर नगारा वाजतोय. दाराबाहेर नटांची चित्रं रंगवलेल्या पाट्या आणि ही गर्दी! पायातलं काढून आत शिरा. आतली जमीन लाकडी पट्ट्यांनी चौकोनाचौकोनांत विभागलेली आहे आणि एकेका चौकोनात चार-पाच माणसं गुडघे दुमडून, डबे-किटल्यांसकट कोंबलेली आहेत. तुमच्या वाट्याला आलेल्या चौकोनात एक आजीबाई आधीच पसरून बसल्यात.

"सरका थोडे, पाहुणे. पंखा नाही आणलात? मग घ्या माझाच वारा. काय बाई तरी माणसं, बिनपंख्याची नाटकाला येतात!"

आजीबाई बोलक्या आहेत आणि ते आपल्या पथ्यावरच पडणार आहे. माझ्या तरुणपणी या दिवसांत इथे चिटपाखरू नसायचं, त्या सांगतात. बडे नट सुट्टीवर जायचे, नाहीतर बाहेरगावी दौरे करायचे. असल्या कोंदट खुराड्यात पैसे देऊन घामाघूम व्हायला कोण येणार? मग मालक उरल्यासुरल्या मंडळींना हाताशी धरून स्वस्तात काहीतरी उभं करायचे आणि दिवस ढकलायचे. "मात्सुसुकेनं हे सगळं उलटंपालटं केलं. मी पाहिलाय तो खेळ."

तो खेळ १८०४ च्या उन्हाळ्यातला, कावाराझाकी-झा नाट्यगृहातला. नायकाचं नाव तेन्जिकू तोकुबेई, आणि तेन्जिकू म्हणजे आपला हिंदुस्थान. तोकुबेई नावाचा एक दर्यावर्दी व्यापारी सतराव्या शतकात खरोखर होऊन गेला. तो सयामपर्यंत गेला होता आणि पार हिंदुस्थान पाहून आलो असंही सांगायचा. नाटकात मात्र तो महाकाय बेडकावर स्वार होणारा मांत्रिक झाला. त्याच्या मंत्रात एका बौद्ध सूत्राच्या संस्कृत नावाचे मोडके तुकडे होते आणि शेवटी स्वर्गासाठी पोर्तुगीज शब्द. गोव्याच्या माणसाने ऐकला असता तर कान टवकारले असते. ओनोए मात्सुसुके मंचावरच्या खऱ्या पाण्यात उडी मारायचा आणि बघता बघता भलत्याच वेषात, कोरडा ठणठणीत, दुसरीकडून हजर व्हायचा. गावात बोभाटा झाला की हा बंदी असलेली ख्रिस्ती जादू करतो. सरकारी माणसं तपासाला आली म्हणे. ही आवई थिएटरवाल्यांनीच उठवली असावी असा माझा संशय आहे. कोणी का उठवली असेना, खेळ तुफान चालला आणि उन्हाळा भुताखेतांच्या, पाण्याच्या, झटपट वेषांतराच्या नाटकांसाठी राखीव झाला.

त्या नाटकाचा लेखक आज इथेही आहे: चौथा त्सुरुया नांबोकू, रंगाऱ्याचा मुलगा, सत्तरी गाठलेला. आणि आज ज्याच्यासाठी ही झुंबड उडाली आहे तो तिसरा ओनोए किकुगोरो हा मात्सुसुकेचाच दत्तक मुलगा. धंदा घरचा आहे.

पूर्वज घरी परततात तो ओबोनचा सण याच महिन्यात येतो, त्यामुळे उन्हाळ्यात भुतं असा एक भाविक उलगडा नेहमी दिला जातो. तो खोटा नाही. पण ओबोनच्या सोळाव्या तिथीला दुकानांतल्या शिकाऊ पोरांना सुट्टी असते, वर्षातल्या मोजून दोनांपैकी एक, आणि हातात थोडे पैसे असतात, हेही लक्षात असू द्या. सण होता, मंदी होती आणि मोकळी पोरं होती. भुतांनी यायला आणखी काय हवं?

आता मंचाकडे बघा. नाटकाचं नाव 'तोकाइदो योत्सुया काइदान', आणि हा पहिलाच प्रयोग. सत्तेचाळीस स्वामिनिष्ठ सामुराईंच्या 'चूशिंगुरा' या जुन्या लोकप्रिय नाटकात याचे अंक गुंफून दोन दिवसांचा मिळून एक खेळ लावलाय. तिकडे निष्ठेच्या शपथा, आणि त्याच कथेच्या सावलीत हा इएमोन: धनी गेला, नोकरी गेली, छत्र्या बनवून पोट भरणारा आणि मनाने पार कुजलेला. इएमोनच्या भूमिकेत सातवा इचिकावा दांजूरो. त्याची बायको ओइवा नुकती बाळंत झाली आहे. शेजारच्या श्रीमंत घरातली नात इएमोनवर भाळली आहे. त्या घरून ओइवासाठी बाळंतपणातलं औषध येतं. ती पुडीला हात जोडते, सांडलेला कणही बोटाने टिपून घेते. औषध विषारी आहे. तिचा चेहरा डोळ्यापाशी सुजून विद्रूप होतो.

मग इएमोन घरी येतो. त्याला नव्या सोयरिकीसाठी पैसे हवेत. तो तिच्या अंगावरचं वस्त्र उतरवून घेतो आणि मच्छरदाणी गहाण टाकायला ओढून काढतो. ओइवा मच्छरदाणी सोडत नाही. बाळाला डास फोडून काढतील हो! ती दोन्ही हातांनी जाळी धरते, तो हिसडा देतो, आणि जाळीबरोबर तिची नखं उपटून येतात. बाजूच्या आजीबाईंचा पंखा थांबलाय. सबंध प्रेक्षागृहाचे पंखे थांबलेत. या गावात मच्छरदाणीशिवायची उन्हाळी रात्र काय असते हे प्रत्येकाला ठाऊक आहे. भूत अजून आलेलंच नाही. नाटकातली सगळ्यात भयंकर गोष्ट घडून गेली आहे आणि ती एका नवऱ्याने केली आहे.

खिडक्यांच्या झडपा लावून घेतात, अंधार होतो, मेणबत्त्या येतात. घरी आलेला एक मालिशवाला तिला आरसा दाखवतो. ओइवा ठरवते की शेजाऱ्यांकडे जाऊन या औषधाचे 'आभार' मानायचे, आणि चारचौघांत जायचं म्हणजे नीटनेटकं जायला हवं. ती लग्न झालेल्या बाईच्या रिवाजाप्रमाणे दात काळे करते. मग केस विंचरायला घेते. फणी फिरते आणि केस मुठीमुठीने गळून येतात. पुन्हा फणी, पुन्हा केस. तिच्यापुढे केसांचा ढीग वाढत जातो, माणसाच्या डोक्यावर असतील त्याहून कितीतरी जास्त. मंचाच्या फळीला भोक आहे आणि खाली बसलेला माणूस त्यातून केसांच्या झुबक्यांमागून झुबके वर सारतोय, हे तुम्हाला मी सांगितलं म्हणून कळलं. कळूनही काही उपयोग झाला नाही, हे तुमच्या मानेवरून दिसतंच आहे.

तिसरा अंक कालव्याकाठी. ओइवा मेली आहे. इएमोनने कोहेई नावाच्या नोकराला मारलं आणि दोघांची प्रेतं एकाच दाराच्या फळीच्या दोन्ही बाजूंना ठोकून पाण्यात सोडली. आता तो मासे धरायला गळ टाकून बसलाय. मोठ्या ढोलावर अगदी हलक्या हाताने थरथर सुरू होते, दोरो दोरो दोरो, आणि दारूत भिजवलेल्या फडक्याची निळसर ज्योत काठीच्या टोकावरून हवेत तरंगत येते. फळी वाहत येते. इएमोन ती उभी करतो: ओइवा. घाबरून उलटी करतो: कोहेई. दोन्ही भूमिका किकुगोरोच्याच आहेत. फळीला चेहऱ्यापुरतं भोक, दोन्ही अंगांना धडाचे कपडे आधीच लावून ठेवलेले. त्याला फक्त तोंड काढायचं आणि क्षणात बदलायचं असतं. "बापाचा पोरगा शोभतो," आजीबाई म्हणतात, आणि तुमच्या लक्षात येतं की त्यांनी तुमचा दंड घट्ट धरून ठेवलाय.

संध्याकाळी पुन्हा पूल. नदीवर होड्यांची दाटी, होड्यांवर कागदी कंदील. पाचव्या महिन्याच्या अखेरीपासून आठव्याच्या अखेरीपर्यंत काठावरच्या दुकानांना रात्री उशिरापर्यंत मुभा असते, आणि कोणा पैसेवाल्याने खिसा सैल सोडला की आतषबाजी उडते. थंड पाणी विकणारा ओरडत येतो. चार मोनला एक वाटी, साखर घातलेली, तळाशी तांदळाच्या पिठाचे दोन-चार पांढरे गोळे. पाणी म्हणावं तितकं गार नसतं, पण घ्या. चार मोनचं नाणं पुरतं.

यानंतर थोडी उडी मारू. १८२९ मध्ये नांबोकू गेला, आणि जाताना स्वतःच्या अंत्ययात्रेसाठी विनोदी नाटुकलं लिहून ठेवून गेला. त्याच्या छापील प्रती अंत्यविधीला आलेल्या लोकांना वाटल्या गेल्या. त्यात तो स्वतःच शवपेटीतून बोलतो. १८३० मध्ये तोकाइदो रस्त्यावरच्या ओमोरीत ह्योसेन नावाच्या वैद्याने आपल्या आवारात एक झोपडी उभारली, भिंतींवर भुतांची वरात रंगवली, बाहुल्या मांडल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघायला खुली केली. जपानातलं पहिलं भूतघर म्हणून बोट दाखवतात ते इथेच. ते फार दिवस टिकलं नाही, त्यामुळे वाट वाकडी करू नका. त्यापेक्षा १८३८ ला एको-इनमध्ये या.

महिना कुठला ते बघायला सवड नाही, गर्दीच तुम्हाला आत ढकलत नेते. हे देऊळ कशासाठी बांधलं ते मात्र ऐकून घ्या. १६५७ च्या आगीत एदो जळालं आणि लाखभर माणसं मेली असं सांगतात. ज्यांना ओळखणारंही कोणी उरलं नाही अशांना या जागी एकत्र पुरलं आणि त्यांच्यासाठी हे देऊळ उभं राहिलं. पुढे बाहेरगावचे देव दर्शनासाठी इथे आणून बसवू लागले. देव आला की जत्रा आली, जत्रा आली की तंबू आले. थडगी, गाभारा आणि तमाशे एकाच आवारात. जत्रेत वाढलेल्या मराठी माणसाला यात वावगं काही वाटणार नाही.

वेळूच्या चटयांनी वेढलेल्या एका मांडवापुढे माणूस घसा फोडून ओरडतोय: "या मंडळी, या! पैसे आत्ता नकोत, बघून झाल्यावर, परत जाताना द्या!" हा इझुमी मेकिचीचा मांडव. मेकिची बाहुल्या बनवतो, आणि त्याच्या बाहुल्या म्हणजे अपमृत्यूंचं प्रदर्शन: पाण्यात फुगून वर आलेला, गळफास घेतलेला, मुंडकं छाटलेला. लाकूड, कागदाचा लगदा, रंग, खरे केस. नाट्यगृहात तुम्ही बसून होता आणि भूत ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी येत होतं. इथे बाहुल्या हलत नाहीत, हलायचं तुम्हालाच आहे. पुढच्या कोपऱ्यामागे काय आहे ते पाय उचलल्याशिवाय दिसत नाही, आणि मागून माणसं रेटतायत. मी याला भूतघराचा खरा जन्म मानतो, ओमोरीच्या झोपडीला नव्हे. भूतघर म्हणजे भिंतीवरची चित्रं नव्हेत, आपल्या पायांनी पुढे जावं लागणं म्हणजे भूतघर. बुडालेल्याच्या बाहुलीपाशी एक बाई थबकते, चेहऱ्यात चेहरा शोधल्यासारखी बघते आणि हात जोडते. मागचे लोक तिला वळसा घालून जातात.

बाहेर आल्यावर पैसे द्या. न देता सटकता येईल, पण तसं करू नका.

मेइजी काळात झटपट फिरू. १८७० च्या दशकाच्या अखेरीस बांबूच्या चक्रव्यूहांचं वेड आलं. आत गेलेला परत येत नाही अशी ख्याती असलेली एक झाडी चिबाच्या बाजूला यावाता गावी आहे, तिचं नाव या खेळांना दिलेलं. वाट चुकायची, मध्येच कोपऱ्यात बाहुली. नवं सरकार मात्र गॅसचे दिवे आणि रेल्वेच्या नादात, भुताखेतांना मागासलेपण म्हणणारं. इनोउए एन्ऱ्यो नावाचे तत्त्वज्ञ गावोगाव फिरून भुतांच्या कहाण्या गोळा करतात, त्या खोट्या ठरवतात आणि लोक त्यांनाच कौतुकाने 'भूत-डॉक्टर' म्हणतात. त्यांनी १८८७ मध्ये काढलेली शाळा आज तोयो विद्यापीठ आहे.

पण एका संध्याकाळी कथाकथनाच्या छोट्या सभागृहात, योसेत, जाऊन बसा. व्यासपीठावर गादी, गादीवर सान्यूतेई एन्चो, हातात मिटलेला पंखा. बाकी काही नाही, ना बाहुली ना ढोल. तो बोतान दोरोची, शेवंतीहून मोठ्या बोतान फुलांच्या कंदिलाची गोष्ट सांगतोय. मेलेली ओत्सुयू रोज रात्री प्रियकराकडे येते, पुढे दासी कंदील घेऊन. जपानी भुताला पाय नसतात. अठराव्या शतकातल्या मारुयामा ओक्योच्या चित्रापासून ही रीत पडली असं मानतात. एन्चोचं भूत मात्र लाकडी खडावा घालून येतं. कारान, कोरोन. तो हा आवाज तोंडाने काढतो, आधी गल्लीच्या टोकाला, मग कुंपणापाशी. दिसत काही नाही. तुम्ही दाराकडे बघायचं टाळता. ही गोष्ट १८८४ मध्ये लघुलिपीत उतरवून छापली गेली आणि हातोहात खपली, पण छापलेल्या खडावा वाजत नाहीत.

१९३१. पुन्हा ऱ्योगोकू, पुन्हा एको-इनचंच आवार. मेकिचीचा मांडव होता त्या आवारात आता लोखंडी घुमटाचं कोकुगिकान उभं आहे, सुमोचं मैदान, १९०९ साली बांधलेलं. लोक त्याला मोठी लोखंडी छत्री म्हणतात. सुमोच्या स्पर्धा जानेवारीत आणि मे महिन्यात. बाकीचं वर्ष एवढी थोरली जागा भाडं मागत बसते. शरदात इथे शेवंतीच्या फुलांनी मढवलेल्या बाहुल्यांचे देखावे भरतात. या उन्हाळ्यात पाटी लागली आहे ती जपानी दंतकथांतल्या भुतांच्या महामेळाव्याची. पुन्हा मंदी, रिकामं थिएटर आणि भुतं. शंभर वर्षांत हिशेब बदललेला नाही.

तिकीट काढण्याआधी रांगेकडे बघा. चाळिशीचा बाप, दोन पोरं, आइस-कँडी. १९२३ च्या भूकंपात हे कोकुगिकान जळालं होतं, ही पुन्हा बांधलेली इमारत आहे. इथून चालत दहा मिनिटांवर लष्करी कपड्यांच्या डेपोचं मोकळं मैदान होतं. भूकंपानंतर लोक सामानसुमान घेऊन तिथे आसऱ्याला गेले, आणि आगीच्या वावटळीत त्या एका मैदानावर साधारण ३८,००० माणसं गेली. त्यांच्या अस्थींसाठीचं स्मारक-सभागृह गेल्याच वर्षी, १९३० मध्ये, पुरं झालं. या रांगेतल्या कितीजणांचं माणूस तिथे आहे? कोणी बोलत नाही. पोरं भुतांची नावं घेऊन एकमेकांना ढकलतायत, आणि बापाने तिकिटं काढली आहेत.

हे असंवेदनशील आहे असं म्हणणारे लोक भेटतात. मला तसं वाटत नाही. खरी मेलेली माणसं अशी एकाएकी, हजारोंनी, विनाकारण जातात. त्यांची गोष्ट होत नाही. ओइवाची होते. तिला कोणी मारलं ते ठाऊक आहे, ती कोणाच्या मागे लागली आहे ते ठाऊक आहे आणि आपण इएमोन नाही हेही ठाऊक आहे. आत शिरायला दार, बाहेर पडायला दार.

भुतांनी खरंच गार वाटतं का, हा प्रश्न तुमच्या ओठांवर असणार. भीती वाटली की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, घाम सुटतो आणि तो वाळताना शिरशिरी येते. इतपत खरं. म्हणून कोणाचा उकाडा गेल्याचं ऐकिवात नाही. आजच्या भूतघरांत गार वाटतं ते एअर कंडिशनरने.

शाळांच्या उन्हाळी शिबिरांत तर तेही नसतं. तिथे पोरांना रात्री जोडीजोडीने थडग्यांमधून पाठवतात आणि झुडपात लपलेला एखादा मोठा मुलगा काठीला दोरीने कोन्न्याकूची वडी बांधून त्यांच्या मानेवर टेकवतो. कोन्न्याकू हा आपल्या सुरणाच्या कुळातल्या कंदाचा, थंड आणि बुळबुळीत, चवीला जवळपास काही नसलेला पदार्थ. भूतविद्येच्या इतिहासात इतक्या स्वस्तात इतकं काम दुसऱ्या कशाने केलं नसेल.

आता लोकल पकडा. ऱ्योगोकूपासून सोबू लाइनने चार स्टेशनं, सुइदोबाशीला उतरा. समोर कोराकुएनचं मनोरंजन उद्यान, साल १९९६. भूतघरांची तोवर रयाच गेली होती: धुरकट बाहुल्या, झटक्याने उघडणारं झाकण, रेकॉर्डवरची किंचाळी. चार वर्षांपूर्वी, १९९२ मध्ये, नाटकातून आलेल्या गोमी हिरोफुमी यांनी इथे माणसं आणली. बुतो नृत्यातले आकाजी मारो यांना सोबत घेऊन जिवंत नर्तकांना भुतं केलं. यंदाचा खेळ आहे 'बाळाचा नरक'.

दारात एक मुलगी तुमच्या हातात काहीतरी ठेवते. बाहुली. कपड्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ. हे पलीकडे त्याच्या आईकडे पोचवायचं, ती सांगते. बस्स, एवढंच.

आत काळोख. आणि पहिल्याच वळणावर काय गंमत होते बघा: बाळाचं डोकं तुम्ही कोपराच्या खळगीत घेतलंय. कोणी सांगितलं नव्हतं. दचकल्यावर हात वर करून तोंड झाकायची सोय आता उरली नाही, दोन्ही हात गुंतलेत. पळायचं तरी ते घेऊनच पळायचं. अंधारातून कोणी हात पुढे केला की तुम्ही अंग चोरता ते स्वतःसाठी नाही, बाळासाठी पाठ फिरवता. १८२५ ला ओइवा मच्छरदाणीला लटकली होती तेव्हा तुम्ही बघे होता. इथे तुमच्या हातात काहीतरी आहे आणि ते हिसकावलं जाऊ शकतं. शेवटी आई भेटते. ती काही हसून स्वागत करणाऱ्यातली नाही. तिच्याकडे बाळ सोपवायचं की नाही, हा प्रश्न तुम्हाला त्या क्षणी खरोखर पडतो. सोपवता. बाहेर ऊन, आणि मागच्या दारातून एकेक जोडपं किंचाळत येऊन खो-खो हसतंय. हे हसू म्हणजे खेळाचाच भाग, नुसती भीती विकून भागत नाही, असं गोमी सांगत आले आहेत.

१९९९ मध्ये फुजीच्या पायथ्याशी फुजी-क्यू हायलँडमध्ये ओसाड इस्पितळाचं अवाढव्य भूतघर निघालं, पाऊण-एक तास चालायला लावणारं. मध्येच हार मानणाऱ्यांसाठी बाहेर पडायची वेगळी दारं आहेत. नाव त्याचंच मोठं झालं. माझं मत विचाराल तर लांबीने भीती वाढत नाही, पाय दुखतात. बाळ ते बाळच.

पायांवरून आठवलं. त्याच कोराकुएनच्या जागी, ज्याला आता तोक्यो डोम सिटी म्हणतात, २०१५ मध्ये 'ओन्ऱ्यो झाशिकी' नावाचं भूतघर आलं. तिथे दारात बूट काढून ठेवावे लागतात. जपानी घरात शिरताना काढतात तसेच, आपण काढतो तसेच. मग तातामीच्या चटया, फळ्या आणि पायाखाली काय येतंय याचा भरवसा नाही. भुताला पाय नाहीत आणि तुमचे उघडे.

तर ऑगस्टमध्ये तोक्योला जाणार असाल तर दोन गोष्टी करा. यानाका भागात झेन्शो-आन हे छोटं देऊळ आहे, एन्चोची समाधी तिथेच आहे. त्याने जमवलेली भुतांची चित्रं तिथे दर ऑगस्टमध्ये महिनाभर मांडतात. सकाळी गर्दी नसताना जा आणि वेळ असेल तर योत्सुयातल्या ओइवाच्या देवळातही डोकावा. तिचं नाटक लावायचं ठरलं की नट मंडळी आजही आधी तिच्या दर्शनाला जाऊन येतात. आणि दुसरं, मोजे बिनभोकाचे घाला.